स्मार्टफोन कॅमेरा
स्मार्टफोन कॅमेरा : मोबाइल फोनमध्ये बसवलेली, छायाचित्रे व व्हिडिओ टिपणारी यंत्रणा. इवलाली भिंगे, त्यांमागचा सेन्सर आणि फोनचा प्रोसेसर हे तिचे मुख्य भाग. जाहिरातींत कौतुक होते ते पहिल्या दोघांचे. हाती पडणारे चित्र मात्र बरेचसे तिसऱ्याने घडवलेले असते.

इतिहास : फोनमध्ये कॅमेरा मावला तो सीमॉस सेन्सरमुळे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्याचे आजचे रूप घडवले. अंतराळयानांवरील कॅमेरे लहान व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. जून १९९७ मध्ये फिलिप कान यांनी कॅलिफोर्नियातील प्रसूतिगृहात कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडून नवजात मुलीचे छायाचित्र आप्तमित्रांना पाठवले. २००० साली जपानमध्ये आलेल्या शार्पच्या जे-एसएच०४ या फोनची क्षमता ०.११ मेगापिक्सेल होती. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये २ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, पण व्हिडिओची सोय नव्हती. नोकियाचा ८०८ प्युअरव्ह्यू २०१२ मध्ये थेट ४१ मेगापिक्सेलवर गेला.

सेन्सर आणि मेगापिक्सेल : सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण डोळ्याला बारकावे जाणवतात ते मुख्यतः हिरव्या पट्ट्यात. एका पिक्सेलला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे अगदी साध्या छायाचित्रातही दोन तृतीयांश रंगमाहिती हिशेबाने काढलेली असते.

मेगापिक्सेलचा आकडा हे खरेदीदाराला भुलवण्याचे सर्वांत जुने साधन आहे. ४८ मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात बहुधा चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. २०० मेगापिक्सेलचा फोन सोळा-सोळा एकत्र करून साडेबाराचे. ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायलाही सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. खरा फरक पडतो सेन्सरच्या आकाराने. व्यावसायिकांच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. बऱ्याच चांगल्या फोनमध्ये तो साधारण १० × ७ मिमी भरतो. पृष्ठभाग लहान म्हणून प्रकाश कमी, आणि प्रकाश कमी म्हणून चित्रात रवाळपणा. पुढची सारी खटपट ही उणीव भरून काढण्यासाठी आहे.

गणनेने घडणारे चित्र : कॅमेरा उघडताच फोन चित्रे टिपू लागतो आणि ताजी तेवढी स्मृतीत ठेवतो. बटण दाबले की त्यांतली अनेक चित्रे एकमेकांवर नेमकी जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. रवाळपणा प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असल्याने सरासरीत तो विरतो. गूगलमध्ये मार्क लेव्हॉय यांच्या चमूने ही पद्धत विकसित केली आणि २०१८ मध्ये पिक्सेल फोनवरील नाइट साइटने तिच्या जोरावर जवळजवळ अंधारातली छायाचित्रे शक्य केली. नाइट मोडमध्ये फोन काही सेकंद स्थिर धरायला सांगतो तो याचसाठी. पळत्या मुलांसाठी हा मोड निरुपयोगी.

पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमीही भिंगाची करामत नव्हे. आयफोन ७ प्लसने (२०१६) दोन कॅमेऱ्यांच्या नजरेतील फरकावरून अंतर ताडून ती तयार केली. मोकळे केस, चष्म्याची काडी, नथीतले मोती यांच्या कडांपाशी हा हिशेब अजूनही फसतो. काही फोन याहून पुढे गेले. संगणकाच्या पडद्यावरील, मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचे छायाचित्र घेतले असता एका फोनने त्यात मुळात नसलेले बारकावे दाखवल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. अशा चित्राला छायाचित्र म्हणावे की रेखाटन, हा वाद मिटलेला नाही.

झूम : पडद्यावरील ०.५, १, ३ किंवा ५ हे आकडे बहुधा स्वतंत्र भिंगांचे असतात. अधल्यामधल्या आकड्यांवर सहसा चित्र कापून मोठे केले जाते, त्यामुळे शक्य असेल तिथे दोन पावले पुढे जाणे उत्तम. पातळ फोनमध्ये लांब पल्ल्याचे भिंग बसावे म्हणून काही कंपन्या लोलकाने प्रकाश काटकोनात वळवतात. ०.५ च्या भिंगातून घेतलेल्या लग्नातल्या समूहचित्रात कडेची माणसे विनाकारण रुंद दिसतात.

वापर : चेहऱ्यावर बोट टेकवले की फोन त्या जागी फोकस आणि उजेड ठरवतो, बोट दाबून धरले की दोन्ही कायम राहतात. मग शेजारी दिसणाऱ्या सूर्याच्या चिन्हाने उजेड कमीजास्त करता येतो. पाठीमागून ऊन असताना याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. फ्लॅशचा पल्ला जेमतेम काही मीटर, तेव्हा नाट्यगृहात तो रंगमंचापर्यंत पोहोचत नाही, फक्त पुढच्यांची डोकी उजळतो. व्हिडिओत दिव्यांमुळे पट्टे सरकताना दिसतात. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की पट्टे बहुधा जातात. खिशातल्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा असतोच, त्यामुळे सुती कापडाने ते पुसणे ही पहिली पायरी.

छायाचित्रासोबतची माहिती : प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ, फोनचे मॉडेल आणि परवानगी दिली असल्यास अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर राबवल्या जाणाऱ्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभे राहून ॲपमधून पिकाचे छायाचित्र पाठवतात आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. तिथे स्थळाची ही माहितीच कामाची. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते आणि ही माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ दर्जा टिकतो, पण घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. स्थाननोंद कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, मात्र आधी काढलेल्या छायाचित्रांतील नोंद त्याने पुसली जात नाही.