बाबांची वंशावळ आणि १६० जीबीची डिस्क

आमच्या इंदूरच्या घरी बाबांचा कंप्युटर होता, विंडोज ९८ चा. निवृत्तीनंतर त्यांनी त्यावर घराण्याची वंशावळ टाइप केली, तीही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की फाइलीत नुसती चित्रविचित्र चिन्हं.

२००५ च्या सुमारास डिस्क कुरकुरायला लागली. नवी मिळाली ती १६० जीबीची. बाबा म्हणाले, "विंडोज तेच टाक. माझं मराठी त्यातच दिसतं." मी बसणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, थांब जरा."

त्यानं समजावलं ते असं. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याला २८ बिटांचा पत्ता. कप्पा ५१२ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून १३७ जीबी. ४८ बिटांचे पत्ते २००२ च्या एटीए-६ मानकात आले. विंडोज ९८ त्याआधीचं, त्याला पुढचे नंबर ठाऊकच नाहीत. डिस्क भरत गेली की १३७ च्या पुढचं लिखाण पहिल्या कप्प्यांवर, जुनं पुसून, उमटू शकतं. तोवर सगळं सुरळीत दिसतं, हीच खरी फसगत.

मग १२० जीबीचाच भाग पाडला, बाकीची जागा तशीच सोडली आणि जुन्या डिस्कवरून फाइली उतरवल्या. बाबा हसले, "वाड्यातल्या एका खोलीला कुलूप, असंच समज."

बाबा गेल्यावर त्याच मशीनवर वाचून आम्ही वंशावळ युनिकोडमध्ये ओळीओळीनं पुन्हा टाइप केली. तुमच्याकडेही अशा फाइली असतील, तर मशीन चालू आहे तोवर छापून घ्या.