गिरणगावातील कोल्हापूरकर

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, नायगाव हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. येथील कामगारांत कोकणाबरोबरच आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज भागातील माणसेही होती. बहुतेक जण एकटेच येत. एका गावची मंडळी मिळून चाळीत खोली घेत. तोच गावाचा 'गाळा'. पाळ्या निराळ्या असल्याने एक जण कामावर गेला, की त्याच्या जागी दुसरा पथारी टाकी.

जेवण खानावळीत. त्या चालविणाऱ्या बायकांचा उल्लेख या इतिहासात अभावानेच होतो. गिऱ्हाइकाचे पैसे महिन्याच्या पगारावर, वाणसामान मात्र रोजचे. मधल्या दिवसांत सावकार गाठावा लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली.

१८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला, तशा खानावळीही ओस पडल्या. कित्येक जण कायमचे गावी परतले. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांच्या वाट्याची घरे सोडतीने, तुकड्यातुकड्याने मिळत गेली.