बत्तीस इंच, नऊ फूट

गेल्या दिवाळीत गावी गेलो तर घरचा टीव्ही बंद पडलेला. गाव म्हणजे रिसोड, जिल्हा वाशिम. (पुण्यात ऑफिसमध्ये 'हे कुठे आलं?' असं विचारलं की मी आधी अकोला म्हणतो, मग वाशिम, आणि तरीही समोरच्याचा चेहरा कोराच राहिला तर 'लोणार सरोवर माहितीये ना, त्याच्या जवळ' म्हणून सुटका करून घेतो.) तर मी आणि बाबा नवा टीव्ही आणायला बाहेर पडलो.

आमच्या समोरच्या खोलीत बत्तीस इंचापेक्षा मोठा टीव्ही मावत नाही. दुकानात बत्तीस इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. एक 'एचडी रेडी', म्हणजे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. दुसरा 'फुल एचडी', १९२० गुणिले १०८०. किमतीत साडेचार हजारांचा फरक. मी पडलो इंजिनिअर. लगेच म्हणालो, "बाबा, फुल एचडीच घ्या, ठिपके जवळजवळ दुप्पट आहेत."

"ठिपके मोजायले बसू का मी?" बाबा म्हणाले. "मले तं दोन्ही सारखेच दिसून राह्यले."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे 'जास्त तेच चांगलं' हे होतं, पण ते काही उत्तर नाही. त्या दिवशी काहीच न घेता परत आलो आणि रात्री मी वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

पहिली गंमत म्हणजे 'हाय डेफिनिशन' हा शब्द आपल्या एलसीडी टीव्हीच्या बराच आधीचा आहे. १९३५ साली ब्रिटनमध्ये एका सरकारी समितीने ठरवलं की हाय डेफिनिशन टीव्हीच्या चित्रात किमान २४० आडव्या रेषा हव्यात. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने लंडनहून नियमित प्रसारण सुरू केलं तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या, बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. काही महिन्यांतच ४०५ वाली जिंकली. म्हणजे आपल्या यूट्यूबवर ज्याला आपण नाकं मुरडतो ते '२४०' एकेकाळी अधिकृतपणे हाय डेफिनिशन होतं :)

मग रेषांची चढाओढच लागली. त्यात फ्रान्सने सगळ्यांवर कडी केली. १९४८ साली त्यांनी थेट ८१९ रेषा ठरवून टाकल्या. कागदावर चित्र युरोपात सगळ्यात बारीक. पण एका चॅनेलला लागणारा लहरींचा पट्टा इतरांच्या जवळजवळ दुप्पट, आणि लोकांच्या घरातले पडदे तेव्हा अगदी छोटे. १९६४ मध्ये फ्रान्सनेच आपलं दुसरं चॅनेल ६२५ रेषांवर सुरू केलं आणि १९८३ मध्ये ८१९ चा गाशा गुंडाळला. जास्त रेषांवर पैज लावून हरलेला हा देश मला दुकानातल्या माझ्यासारखाच वाटला.

आपल्याकडेही ६२५ रेषाच आल्या. त्यातल्या ५७६ चित्राच्या. उरलेल्या रेषांच्या वेळात पिक्चर ट्यूबमधला किरण खालून परत वर जायचा. सेकंदाला २५ चित्रं, तीही अर्धी अर्धी करून ५० वेळा, कारण विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागला. विदर्भातल्या आमच्यासारख्या तालुक्यांची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रह वापरून २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, पण त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड खेळांच्या निमित्ताने रंग आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला, आणि १९८४ पासून देशभर छोटे छोटे प्रक्षेपक धडाधड उभे राहिले. त्यांची ताकद फक्त १०० वॅट! खोलीतल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. त्यामुळे मनोरा आहे ते गाव सोडून जरा लांब गेलात की मुंग्या सुरू.

बाबा सांगतात, १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी एक पोरगा धाब्यावर चढायचा आणि अँटेना फिरवायचा. खालून ओरडा. "आलं का?" "आलं, आलं.. गेलं!" गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे. व्हीएचएस कॅसेटमध्ये बारकावे प्रसारणाच्या जवळपास निम्मेच राहायचे, पण मागे जोत्यावर बसलेल्याला त्याचं काय! त्याला पडदा मिळाला हेच खूप.

मी जन्मलो तोवर केबल आली होती. १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं. २००५ नंतरच्या भारनियमनात तर वीज असेल तो टीव्हीचा मुहूर्त. त्याच टीव्हीवर, २१ इंची डब्यावर, २ एप्रिल २०११ ला मी वानखेडेवरचा धोनीचा षटकार पाहिला. केबलच्या तारेतून आलेलं चित्र, कडेला हलकी सावली, ५७६ रेषा. चेंडू मात्र शेवटपर्यंत दिसला.

विचार करा, या सगळ्या वर्षांत चित्र खराब होतं ते रेषा कमी होत्या म्हणून नाही. मनोरा लांब होता, अँटेना वाकली होती, केबल गल्लीबोळातून फिरून येत होती, व्होल्टेज कमी होतं. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कुठली तरी दुसरीच असायची. पडदा नव्हे.

आता डिजिटल झालं. केबल डिजिटल करायची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या आणि २०२१-२२ पर्यंत आपले जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक जवळपास सगळे बंद केले. पण आमच्या घरी छतावर आहे दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली. त्यातली बहुतेक चॅनेल्स आजही साध्या ५७६ रेषांचीच आहेत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा ते मुळात चित्रित झालं तेवढंच होतं. टीव्ही त्याला ताणून ७६८ करेल किंवा १०८० करेल, नवीन बारकावा आणणार कुठून?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण उद्या घरी चांगलं इंटरनेट आलं, खरोखर १०८० चं चित्र आलं, मग? इथे डोळ्याचा प्रश्न येतो.

१८६२ साली हेर्मान स्नेलन या डच डॉक्टरने तो प्रसिद्ध अक्षरांचा तक्ता बनवला, जो आजही चष्म्याच्या दुकानात लटकतो. ६/६ नजर म्हणजे अंशाचा साठावा भाग एवढं अंतर वेगळं ओळखणारा डोळा. आणि टीव्हीवाल्यांच्या जगात एक दुसरा आकडा आहे. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड लेक्नर यांना आढळलं की लोक घरात टीव्हीपासून साधारण नऊ फुटांवर बसतात. पडदा केवढा आहे यावर ते ठरत नाही, खोली आणि सोफा यावर ठरतं. इंग्लंडमध्ये फिलिप्सच्या जॅक्सन यांचा आकडा आला तीन मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन बाबांच्या दिवाणापासून टीव्हीच्या जागेपर्यंत मोजलं. नऊ फूट, वर दोन बोटं. न्यू जर्सीतली प्रयोगशाळा आणि रिसोडातला दिवाण, एकच उत्तर!

आता गणित सोपं आहे. बत्तीस इंची पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर. नऊ फुटांवरून ६/६ चा डोळा त्यात सुमारे ५०० रेषा वेगळ्या ओळखू शकतो. हो, पाचशे! ७६८ सुद्धा जास्तच झाल्या. १०८० चा पुरेपूर उपयोग व्हायचा तर त्याच जागेवरून ७० इंची टीव्ही हवा, नाहीतर दिवाण ओढून सव्वाचार फुटांवर आणायला हवा. काहींची नजर ६/६ पेक्षा तेज असते, म्हणून ही काही काटेकोर रेघ नाही. पण दुप्पट ठिपक्यांचा हिशोब त्यात बसत नाही. दुकानात फरक दिसतो कारण तिथे आपण दोन फुटांवर उभे असतो आणि पेनड्राइव्हवरून मुद्दाम काढलेली फुलं-पोपट चालू असतात.

फुल एचडीची बाजूही मांडतो. लॅपटॉप जोडून बारीक अक्षरं वाचायची असतील, किंवा हॉस्टेलच्या खोलीत पलंगावरून चार फुटांवर बघायचं असेल, तर बत्तीस इंचातही फरक स्पष्ट दिसतो. शिवाय ७६८ हा आकडा अडनिडा आहे. ७२० चं असो की १०८० चं, कुठलंच चित्र त्यात जसंच्या तसं बसत नाही, प्रत्येक वेळी ताणावं किंवा आवळावं लागतं. कॉम्प्युटरवर अक्षरांच्या कडा त्यामुळेच फिसकटतात.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने समजावत होतो. ते म्हणाले, "म्हंजे मी बराबर बोललो ना?" हो. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की घरात टीव्ही बघणारे बाबा एकटे नाहीत. आई खाली चटईवर बसून शेंगा सोलत बघते. पुन्हा टेप काढली. पाच फूट! पाच फुटांवरून चांगला डोळा जवळपास ९०० रेषा ओळखतो. म्हणजे फरक पडला तर आईला पडणार, आणि दुकानात आम्ही तिला नेलंच नव्हतं.

"आई, तू एवढी पुढे का बसतेस?"

"मांगून त्या पट्टीवरचं वाचता नाही येत न रे."

बातम्यांच्या खालून सरकणारी पट्टी. मोठी, ठळक अक्षरं. बाबांना ती नऊ फुटांवरून दिसते. आईचा चष्मा काढून पाहिला तर सहा वर्षांपूर्वीचा निघाला. तपासणीत दोन्ही डोळे ६/१२ आले. ६/१२ चा डोळा पाच फुटांवरून ओळखतो ४५० रेषा, म्हणजे मागे बसलेल्या बाबांपेक्षाही कमी. तिच्यासाठी १०८० काय आणि ७६८ काय. कच्ची कडी पुन्हा भलतीकडेच होती, आणि आम्ही दुकानात ठिपके मोजत होतो.

टीव्ही एचडी रेडीच घेतला. वाचलेल्या साडेचार हजारांत तपासणी आणि नवा चष्मा झाला, वर थोडे उरले. डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलंय, वर्षभराने पुन्हा दाखवायचंय. ती तारीख मी फोनमध्ये टाकून ठेवली आहे.

संक्रांतीला गेलो तेव्हा आई अजूनही चटईवरच बसत होती, पण भिंतीला टेकून, सात फुटांवर. टेपने मोजलं नाही. फरशा मोजल्या.