रिसीव्हरच्या मागचे सॉकेट

होम थिएटर रिसीव्हरच्या मागच्या सॉकेटांमध्ये आरसीए सर्वांत जुने. अमेरिकेतल्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३० च्या दशकात रेडिओ आणि फोनोग्राफ एकत्र असलेल्या कपाटात ते वापरात आणले. कपाटाच्या आतली ती वायर रोज काढाघालायची नसे. पुढे टर्नटेबल, ट्यूनर, अँप्लिफायर सुटे घेऊन घरी जोडण्याची हायफायची पद्धत रुळली, तेव्हा हेच स्वस्त सॉकेट यंत्रांच्या पाठीवर आले आणि त्याचा दोषही उघडा पडला. पिन खोचताना मधला दांडा आधी टेकतो, बाहेरचे कडे नंतर. ग्राउंड जुळेपर्यंत चालू अँप्लिफायरमधून कानठळ्या बसवणारी घरघर निघते.

व्हीसीआरच्या काळात उजव्या-डाव्या आवाजाच्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडीला चित्राची पिवळी पिन मिळाली. १९८२ मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आले. त्यात मागच्या स्पीकरचा आवाज दोन चॅनेलांतच मिसळलेला असे आणि रिसीव्हर तो वेगळा काढी. १९८७ च्या प्रोलॉजिकने मधला स्पीकरही तसाच मिळवला. ध्वनीचे मार्ग वाढले तरी वायरी दोनच राहिल्या, ही त्या पिढीतल्या अभियंत्यांची मोठीच कामगिरी.

तोशिबाने १९८३ मध्ये आपले सीडी प्लेअर जोडण्यासाठी टॉसलिंक हे सॉकेट काढले. प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो; दोन यंत्रांत विजेचा संबंधच उरत नाही, म्हणून ग्राउंडमुळे येणारा हमही या वाटेने येत नाही. त्याचे खरे चीज १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी निघाल्यावर झाले. डॉल्बी डिजिटलचे ५.१ चॅनेल आता एकाच वायरीतून जाऊ लागले.

मग घड्याळ उलटे फिरले. १९९९ ची एसएसीडी आणि पाठोपाठ आलेली डीव्हीडी-ऑडिओ या तबकड्यांचा ध्वनी सीडीपेक्षा सरस होता, पण नकलेच्या भीतीने कंपन्यांनी तो पूर्ण दर्जात जुन्या डिजिटल सॉकेटातून बाहेर सोडला नाही. श्रोत्याला प्रत्येक चॅनेलला एक अशा सहा ॲनालॉग वायरी ओढाव्या लागल्या. विश्वास कमी पडला.

डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज यांनी एचडीएमआयचा पहिला आराखडा जाहीर केला. चित्र आणि ध्वनी एका केबलमध्ये आले, सोबत नक्कल रोखणारे इंटेलचे एचडीसीपी हे कुलूपही. प्लेअर, रिसीव्हर आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात. मधल्या रिसीव्हरला दोन्हीकडे उत्तर द्यावे लागते. तिथे काही बिनसले की केबल शाबूत असूनही पडदा काळा राहतो. २००६ च्या १.३ आवृत्तीने डॉल्बी ट्रूएचडी या दर्जा न घटवणाऱ्या ध्वनीचा मूळ प्रवाह रिसीव्हरपर्यंत नेण्याची सोय केली. २००९ च्या १.४ आवृत्तीत एआरसी आले आणि टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परतू लागला, मात्र बहुचॅनेल ध्वनी दाबलेल्या रूपातच. ट्रूएचडीसारखा पूर्ण दर्जाचा ध्वनी टीव्हीकडून रिसीव्हरला पाठवता यावा, यासाठी २०१७ च्या २.१ आवृत्तीने ईएआरसी दिले.