कावेरीचा अनामिक मासा

गळ टाकून मासे धरण्याचा छंद इंग्रजांनीं या देशांत आणला, अशी आपल्या सुशिक्षित मंडळींची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील जुन्या मराठी पद्यामुळें आपल्या अभ्यासकांस तो परिचयाचा आहे. परंतु त्याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण असून त्यांत माशांच्या जाति, त्यांस घालावयाचें आमिष आणि गळ टाकण्याची रीत यांचें वर्णन आहे, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

इंग्रज अंमलदारांनीं या जुन्या छंदाला जोड दिली ती लिहून ठेवण्याच्या संवयीची. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १८७३ सालीं निघालें, आणि महसीर माशाची कीर्ति विलायतेंतील शौकिनांपर्यंत पोंचली. महसीर हा रोहूच्या कुळांतील मासा. मोठ्या खवल्यांचा, डोंगराळ नद्यांच्या खळाळत्या पाण्यांत राहणारा, आणि गळाला लागला कीं सर्व बळ एकवटून धांवणारा. त्यांतही कावेरीच्या खोऱ्यांतील, पाठीवर उंचवटा असलेला महसीर सर्वांत थोर. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एका गृहस्थानें काबिनी नदींत धरलेला मासा १२० पौंड, म्हणजे सुमारें ५४ किलो, भरला.

स्वातंत्र्यानंतर शौकीन साहेब मायदेशीं गेले, आणि हा मासा नामशेष झाला असावा असा समज परदेशांत पसरला. १९७७ सालीं आलेल्या कांहीं इंग्रज तरुणांनीं कावेरीवर राहून तो खोटा ठरविला. पुढें शिवनसमुद्राच्या धबधब्याखालीं, जेथें नदी डोंगरांच्या घळींतून मेकेदाटूकडे जाते, तेथें भीमेश्वरी, गालिबोरे अशा ठिकाणीं मासेमारीच्या शौकिनांसाठीं नदीकांठचीं निवासस्थानें उभीं राहिलीं.

तेथील रिवाज ठरलेला होता. पाहुण्याबरोबर एक स्थानिक वाटाड्या असे. तो त्यास वेताच्या वाटोळ्या होडींतून डोहावर नेई, नाचणीच्या शिजविलेल्या पिठाचा गोळा गळास लावी; आणि मासा हातीं आला म्हणजे त्याचें वजन करून त्यास पुन्हा पाण्यांत सोडण्यांत येई. मग किती तास गळ टाकला, कोणत्या रंगाचे किती मासे मिळाले, हें वहींत लिहिलें जाई. या वाटाड्यांपैकीं कित्येकजण पूर्वीं चोरून जाळीं टाकणारे, सुरुंगाच्या दारूनें डोह उडविणारे होते. त्यांस पगार मिळूं लागला, तेव्हां तेच नदीचे पहारेकरी झाले. ज्या माशावर पोट चालतें तो जिवंत राहिला पाहिजे, हा हिशेब उघड होता.

याच सुमारास महाराष्ट्राचा या कथेंत प्रवेश होतो. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत पुण्याजवळ मुळा-मुठेंत सांपडणाऱ्या महसीरास त्यानें ‘खुद्री’ असें शास्त्रीय नांव दिलें. पुढें महसीर घटूं लागला, तेव्हां मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखालीं टाटांच्या वीज कंपनीनें लोणावळ्यास १९७० च्या दशकांत या जातीची कृत्रिम पैदास आरंभिली. विजेसाठीं नद्या अडविणाऱ्यांनीं नदीच्या प्रजेची काळजी वाहावी, ही गोष्ट खरोखर स्पृहणीय होती. तेथील पिलें देशांतील अनेक जलाशयांत सोडण्यांत आलीं. कावेरींतही तीं गेलीं. महसीर तो महसीर, एवढाच विचार त्यामागें होता.

परिणाम कळला तो वहीमुळें. गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या. सुमारें २३,६०० तासांच्या मासेमारीचा व ६,१६१ माशांचा हिशेब त्यांत होता. मासे एकंदरींत वाढत होते. परंतु ती वाढ निळ्या पराच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या, महसीराची होती. मूळचा सोनेरी, उंच पाठीचा महसीर वर्षागणिक कमी मिळत होता, आणि जो मिळे तो अधिकाधिक मोठा. हौशी पाहुण्यास असा मासा म्हणजे भाग्य वाटावें. अभ्यासकांनीं त्याचा अर्थ निराळा लावला. ज्या घरांत केवळ वृद्धच दिसूं लागतात, त्या घरांत पाळणा हलत नाहीं असेंच समजावयाचें.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. जवळजवळ दीडशें वर्षें गाजलेल्या या माशाला स्वतःचें असें निश्चित शास्त्रीय नांवच नव्हतें. कावेरीच्याच खोऱ्यांतील, केरळांतून वाहणाऱ्या पांबार नदींत सांपडलेल्या एका महसीरास रेमा देवी या प्राणिशास्त्रज्ञ विदुषींच्या सन्मानार्थ ‘टोर रेमादेवी’ असें नांव देण्यांत आलें होतें. कावेरीचा उंच पाठीचा महसीर तोच, हें २०१८ सालीं सिद्ध झालें. आणि त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघानें त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. बारसें आणि मरणशय्या यांची वार्ता एकदमच आली.

तत्पूर्वीं, अभयारण्यांत गळ टाकणें ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें शिकारच होय असा अर्थ लावून, तेथील मासेमारीचे तळ २०१२ च्या सुमारास बंद करण्यांत आले होते. कायद्याचा हेतु निर्मळ होता. पण वाटाडे गेले, त्यांच्याबरोबर पहारा गेला, आणि वहीही मिटली. सुरुंगाची मासेमारी पुन्हा सुरू झाल्याचें अभ्यासकांनीं नमूद केलें आहे.

या इतिहासांत खलपुरुष कोणी नाहीं. शौकीन, शास्त्रज्ञ आणि वनखातें या सर्वांना माशाचें बरेंच करावयाचें होतें. उणें पडलें तें एवढेंच कीं, ज्याचें रक्षण करावयाचें तो कोण, हें आधीं विचारलें गेलें नाहीं. पोथीपंडितांनीं दोन जातींचा निवाडा करण्यापूर्वीं नदीकांठच्या वहींत ते मासे दोन रंगांखालीं वेगवेगळे लिहिले जातच होते. मौजेखातर ठेवलेली ती वही आज या माशाची बखर होऊन बसली आहे. कावेरीच्या खोऱ्यांत उंच पाठीचे थोडे मासे अद्याप शिल्लक आहेत. त्यांस वांचवावयाचें असेल, तर ती वही पुन्हा उघडावी लागेल, आणि ती लिहविण्यास त्याच वाटाड्यास सन्मानानें बोलवावें लागेल.