लहजा : एका शब्दाचा नाचातला प्रवास

पुण्याच्या कथक गुरू रोहिणी भाटे यांच्या एका मराठी पुस्तकाचं नाव ‘लहजा’ आहे. मूळ अरबी शब्द, उर्दूतून आपल्याकडे आलेला. अर्थ, बोलण्याची ढब. उर्दूच्या तासाला मी मुलांकडून ‘आप आ गए’ एवढंच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणवून घेतो : आनंदाने, तक्रारीने, टोमणा मारत. शब्द तेच राहतात, लहजा बदलतो, आणि अर्थ उलटापालटा होतो. नाचातही असंच. पायाचे बोल सगळ्यांचे सारखे, पण मान किती कलली, मनगट कुठे थांबलं, पापणी कधी उचलली, यावर सगळं ठरतं. हे एका नर्तकीने एका शब्दात पकडलं आणि तो शब्द आपल्या घरातला निघाला, याचं मला अप्रूप वाटतं.

रोहिणीताईंचा जन्म 1924चा. फर्ग्युसन कॉलेजातून 1946 साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, 1947 साली, पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्या काळी पांढरपेशा घरातल्या मुलीने कथक शिकवायला बसणं सोपं नव्हतं. कारण हा नाच पिढ्यानपिढ्या ज्यांनी जपला, त्यांत कथकांच्या घराण्यांबरोबर तवायफाही होत्या. त्यांची कला शाळा-कॉलेजांत पोचली, त्यांची नावं मात्र बहुतेक वाटेतच गळाली. नाचाच्या इतिहासातला हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

लखनौच्या लच्छू महाराजांकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकल्या. ‘मुघल-ए-आझम’ आणि ‘पाकीझा’मधले नाच ज्यांनी बसवले, तेच हे लच्छू महाराज. त्यांच्या घराण्यात सांगतात की पूर्वज ठाकूरप्रसाद हे अवधच्या नवाब वाजिद अली शाहचे नृत्यगुरू होते.

वाजिद अली शाह म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला ऐषारामी नवाब आठवतो. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केलं तेव्हा ‘गैरकारभार’ हेच कारण पुढे केलं, आणि आपणही ते फारशी उलटतपासणी न करता पाठ केलं. या माणसाने तरुणपणीच, 1843च्या सुमारास, राधा-कन्हैयाच्या कथेवर रहस लिहून रंगवला होता. गादी गेल्यावर कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहून त्याने ‘बनी’ नावाचं उर्दू पुस्तक छापलं, 1877 साली. त्यात नाचातल्या गतींचं वर्णन आहे. राज्य गेलेला राजा हात-पाय कसे हलावेत हे कागदावर उतरवत बसला. कुणी याला पळपुटेपणा म्हणेल. माझ्या मते ती अभ्यासकाची चिकाटी आहे. त्याआधी 1850च्या दशकात मुहम्मद करम इमाम यांनी ‘मादन-उल-मौसिकी’ लिहून त्या काळच्या गाण्या-नाचण्याची माहिती गोळा केली होती.

योगायोग असा की 1877 हेच इसाडोरा डंकनचं जन्मवर्ष. सॅन फ्रान्सिस्कोच्या या बाईने बॅलेचे आवळ बूट फेकून दिले आणि अनवाणी, सैल झग्यात शॉपँच्या संगीतावर नाचू लागली. हालचाल नेमकी कुठून उगवते, हा तिचा ध्यास. तिचं उत्तर होतं, छातीच्या खाली, श्वास जिथे हलतो तिथून. तिचं आत्मचरित्र मराठीत आणलं तेही रोहिणीताईंनीच.

याच बाईंनी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथावर काम करून ‘कथकदर्पणदीपिका’ सिद्ध केली. त्या ग्रंथात मस्तकाच्या नऊ हालचाली, आठ दृष्टी, मानेच्या चार आणि एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा मोजून दिल्या आहेत. म्हणजे एकीकडे मोजणारं शास्त्र, दुसरीकडे मोजमाप झुगारणारी इसाडोरा, आणि मधोमध लखनौची ‘अदा’. तिन्ही एकाच टेबलावर ठेवून वाचणारी व्यक्ती पुण्यात होती, आणि ती मराठीत लिहीत होती.

आमच्या नाशिकमध्येही कथक रुजलं आहे. रेखा नाडगौडा यांच्या कीर्ती कलामंदिरात मुलींच्या पिढ्या शिकल्या. अशा वर्गात कान देऊन ऐका : ‘आमद’ म्हणजे येणं, ‘सलामी’ म्हणजे अभिवादन, शिवाय ‘अंदाज’, ‘नजाकत’. शेजारीच तत्कार, परण, तिहाई, गतभाव. घुंगट की गतीत खरा पदर लागत नाही. बोटांनी हवेतच पदर उचलायचा, आणि तो बघणाऱ्याला दिसलाही पाहिजे.

आपल्यातले काहीजण म्हणतात, नाचाशी आपला काय संबंध. नाचावं की नाही, हा शरियतचा प्रश्न उलेमांवर सोडतो. तो माझा विषय नाही. पण संबंध नाही म्हणणं ही इतिहासाची बाब आहे, आणि ती चूक आहे. उलट बाजूलाही काहीजण आहेत. त्यांना हे शब्द नंतर घुसलेले वाटतात, सलामीच्या जागी नुसतं ‘नमस्कार’ किंवा ‘रंगमंच प्रणाम’ हवं असतं. नमस्काराला कोण नाही म्हणेल? पण आमद काढून टाकली तर नर्तकीच्या प्रवेशाला नाव काय द्यायचं, आणि ‘लहजा’ला मराठी प्रतिशब्द कोणता? ढब जवळचा आहे, ढंगही. रोहिणीताईंना दोन्ही शब्द ठाऊक असणारच. तरी त्यांनी पुस्तकावर ‘लहजा’च छापलं.