रॉ-फाइल, कॅमेरा-लेन्स प्रोफाइल आणि मुक्त सॉफ्टवेअर

रॉ-फाइलमध्ये तयार चित्र नसते. सेन्सरने मोजलेल्या प्रकाशाचे आकडे असतात. त्यांतून योग्य रंग मिळवायला कॅमेऱ्याचे प्रोफाइल लागते आणि वाकलेल्या रेषा सरळ करायला लेन्सचे.

कंपन्या आपल्या रॉ-फाइलची रचना सहसा जाहीर करत नसत. म्हणून डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये ‘डीसीरॉ’ हा मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. २००४ मध्ये अ‍ॅडोबीने ‘डीएनजी’ हे खुले स्वरूप मांडले. तरीही २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्सची माहिती कूटबद्ध असल्यावरून वाद झाला. फोटो तुमचा, किल्ली कंपनीकडे! कॉफिन यांनी तेही कूट उलगडले.

लेन्ससाठी ‘लेन्सफन’ हा मुक्त संग्रह उभा राहिला. त्यात वापरकर्तेही मोजमापे पाठवतात. तुम्हीही करून पाहा: आनेकलमधल्या एखाद्या इमारतीची सरळ कडा फ्रेमच्या काठाजवळ ठेवून फोटो काढा. ती किती वाकली हे मोजले, की विकृतीचे गुणांक काढता येतात.

कॅमेरा बंद पडला तरी फाइल उरते. ती वीस वर्षांनी उघडेल का, हे तिची रचना कोणी उघडपणे लिहून ठेवली आहे का, यावर बरेचसे अवलंबून असते.